माळढोक गेला, आता माळही जाणार?

सप्टेंबर लागला की सोलापुरातल्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या फलकांवर कासचे नाव झळकू लागते. साताऱ्याजवळच्या त्या पठारावरची फुले पाहायला लोक शुल्क भरतात, ऑनलाइन वेळ ठरवतात, दिवसाला तीन हजारांच्या मर्यादेत आपला नंबर लागावा म्हणून आठवडाभर आधीपासून धडपडतात. ज्यांची ऐपत आणि गुडघे दोन्ही शाबूत आहेत ते उत्तराखंडात घांघरियाची चढण चढून ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ गाठतात. फ्रँक स्माइथ हा गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना वाट चुकला आणि त्या दरीत उतरला. १९८२ मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००५ मध्ये तिला जागतिक वारशाचे शिक्कामोर्तब मिळाले. या जागा पाहायला जावेच. पण त्याच सप्टेंबरात सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर, नान्नजच्या माळावर, जे काही चाललेले असते त्याला ना तिकीट आहे ना गर्दी. आणि आता त्याला वालीही उरलेला नाही.

वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. आठ महिने मुरूम, दगडगोटे आणि वाळकी कुसळे. पण दोन चांगल्या सरी झाल्या की महिनाभरात हा माळ ओळखू येत नाही. तरवड पिवळाधमक होतो, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वाऱ्यावर डुलतात, तुंब्याच्या पांढऱ्या फुलांवर मुंग्यांची रांग लागते. ज्याच्या काट्यांनी सायकलींची चाके पंक्चर होतात त्या सराट्यालाही देखणी पिवळी फुले येतात. विष्णुक्रांताचे निळे फूल तर नखाएवढे. ते पाहायचे तर सकाळीच जावे लागते, ऊन चढले की दुपारपर्यंत ते मिटून जाते. आणि पाहायला मांडी घालून खाली बसावे लागते. कासचा गालिचा मोटारीतूनही दिसतो, माळाचा दिसत नाही. एवढाच काय तो फरक. या गवतात शेडा आहे, मारवेल आहे, धोतराला आणि सलवारीला चिकटणारी कुसळी आहे. काळविटांचे कळप आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. धाविक चार पावले पळतो, थांबतो, मान उंचावतो आणि पुन्हा पळतो. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून घेतो आणि मैलभर उडत जाऊन तहानलेल्या पिलांना ती चोखायला देतो. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या येतात आणि टोळांवर ताव मारतात. हिमालयातल्या कुठल्याही दरीइतकीच ही सृष्टी भरलेली आहे. तिचे दुर्दैव एवढेच, की ती सपाट आहे, रुक्ष दिसते आणि आपल्या दाराशी आहे.

या माळाला एकेकाळी राजा होता. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक असलेला माळढोक. विणीच्या हंगामात नर गळ्याखालची पिशवी फुगवून ती पार गुडघ्यांपर्यंत लोंबती करी आणि त्याचा घुमारा पहाटेच्या शांततेत कोसभर ऐकू जाई. सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले. त्याच दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली काही माळांना संरक्षण मिळाले, गवत परतले आणि पाठोपाठ पक्षीही वाढले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. १९८१ पासून ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी यांनी इथे तळ ठोकून अभ्यास केला. जगाच्या पक्षिशास्त्रात नान्नज हे नाव आले ते त्यामुळे.

आज परिस्थिती काय? देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आत-बाहेर उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात. महाराष्ट्रात वर्षाकाठी एखादी मादी दिसली तरी ती पहिल्या पानाची बातमी होते. एकट्या मादीने वंश चालत नाही, हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. ही मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, कुत्र्याच्या तोंडी लागेल असे. तेव्हा सोलापूरने स्वतःशी खरे बोलावे. नान्नजचा माळढोक व्यवहारात संपल्यात जमा आहे. राजस्थानात कृत्रिम पैदास केंद्रे आहेत, २०१९ पासून तिथे पिले वाढत आहेत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिलू जन्मले. उद्या कधी तरी त्या पिलांपैकी काही सोलापूरला आणता येतीलही. पण आणून सोडायची कुठे?

आमच्या मते खरी धोक्याची घंटा इथे आहे. पक्षी गेला याचे दुःख करायला उशीर झाला आहे. पक्षी गेला म्हणून आता माळही मोकळा करा, असा आवाज दबक्या स्वरात निघू लागला आहे आणि तो दबका फार दिवस राहणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे आपण एरवी म्हणतो. इथे बैल गेल्यावर झोपाच विकायला काढण्याची तयारी चालू आहे.

हे घडणार नाही असे वाटत असेल त्यांनी मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या करेऱ्याकडे पाहावे. तिथे माळढोकासाठी १९८१ मध्ये अभयारण्य झाले. गावकऱ्यांच्या खासगी जमिनी त्यात आल्या, खरेदी-विक्रीवर निर्बंध आले, असंतोष धुमसला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पक्षी दिसेनासा झाला. मग कित्येक वर्षे पक्ष्याविना अभयारण्य नावापुरते राहिले आणि अखेर सरकारने ते रद्दच करून टाकले. तिथल्या गवताचे, काळविटांचे पुढे काय, हा प्रश्न त्या सगळ्या प्रवासात कोणी फारसा विचारलाच नाही. कारण अभयारण्य पक्ष्याच्या नावाने होते आणि नाव पुसले की सातबारा कोरा.

आपल्याकडची गोष्ट याहून वेगळी नाही, उलट मोठी आहे. १९७९ ची अधिसूचना ८,४९६ चौरस किलोमीटरची होती. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके तीत आले. माळ आला, तशी बागायत आली, गावठाणे आली, बाजारपेठा आल्या, साखर कारखाने आले. कागदावर महाराष्ट्रातले सर्वांत मोठे अभयारण्य आणि त्यात वनखात्याच्या हातात असलेली जमीन मात्र थोडकी. कोणी तरी मंत्रालयात नकाशावर हात फिरवला आणि शेतकऱ्याच्या नशिबी वर्षानुवर्षांचा हेलपाटा आला. घर बांधायचे तर माळढोक, जमीन बिगरशेती करायची तर माळढोक, पोरीच्या लग्नासाठी एक एकर विकायचा तर माळढोक. ज्याने आयुष्यात हा पक्षी पाहिला नाही त्यालाही त्याच्या नावाचा राग आला. हा राग खोटा नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, ते योग्यच झाले. पण तोवर जिल्ह्यात माळढोक हा शब्द अडवणुकीसाठी रूढ होऊन बसला होता. बोरामणीच्या नियोजित विमानतळाची फाइल वनजमिनीपाशी अडली तेव्हाही बोल लागला तो पक्ष्यालाच. सरकारी आळसाचे खापर इतक्या बिनबोभाट एखाद्या मुक्या जिवाच्या डोक्यावर क्वचितच फुटले असेल.

दरम्यान माळ चारही बाजूंनी आकसत गेला. यात खलनायक शोधायला जाऊ नये. १९८० मध्ये उजनीचे धरण झाले, पाणी आले, ऊस आला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव घेतले जाते. नान्नजचेच नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’सारखे द्राक्षाचे वाण दिले आणि हे गाव द्राक्षशेतीच्या नकाशावर गेले. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोरडवाहू शेतकऱ्याने ज्वारीलाच चिकटून राहावे असे सांगण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या पक्षिप्रेमींना नाही आणि आम्हालाही नाही. पण काय गेले त्याची नोंद तर हवी. माळढोक गवतात घरटे करी आणि शेजारच्या मालदांडी ज्वारीत, हरभऱ्यात, भुईमुगात टोळ-भुंगे टिपी. माळ आणि कोरडवाहू शिवार मिळून त्याचे घर होते. मधल्या शिवारात ऊस, द्राक्षाचे मांडव आणि तारेची कुंपणे उभी राहिली, वरून विजेच्या तारा गेल्या. या पक्ष्याची समोरची नजर अधू, अंग जड. तार दिसते तेव्हा वळायला वेळ उरलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान-गुजरातेतल्या वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, तो यामुळेच. मार्च २०२४ मध्ये सौरऊर्जेच्या गरजेचा विचार करून त्याच न्यायालयाने तो सैल केला.

शेतकऱ्याने केले ते पोटासाठी. वनखात्याने केले ते मात्र समजण्यापलीकडचे आहे. ज्यांच्या हाती माळ राखायला दिला त्यांनीच त्यावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. नान्नजच्या आसपास गिरिपुष्पाच्या रांगा आजही उभ्या आहेत. ही दोन्ही झाडे मध्य अमेरिकेकडची. माळढोकाला, काळविटाला, धाविकाला लांबवर मोकळे दिसायला हवे, शत्रू कुठून येतो ते दुरून कळले की मग ते निर्धास्त. झाडांच्या ओळी आल्या की ती नजर अडते, शिकाऱ्यांना आडोसा मिळतो आणि सावलीतले गवत मरते. तरीही २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टे चढत गेली, तेव्हा जिल्हा यंत्रणेला मोकळी जागा दिसली ती माळाचीच. शाळेच्या पोरांनी रोप हातात धरून फोटो काढले, पुढाऱ्यांनी खड्ड्यात माती लोटली. जिथे निसर्गाने हजारो वर्षे गवत राखले तिथे झाड लावणे हे निसर्गरक्षण नव्हे, हे कोणी कुणाला सांगितलेच नाही. गवताची मुळे जमिनीत खोल कर्ब साठवतात, पाऊस मुरवतात, मातीला धरून ठेवतात. पण मुळांबरोबर सेल्फी निघत नाही.

महसूल खात्याच्या लेखी तर हा माळ म्हणजे पडीक. पडीक म्हणजे रिकामा, रिकामा म्हणजे कुणालाही देण्याजोगा. आता त्यावर सौरऊर्जेचा डोळा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळच्या सरकारी आणि गायरान जमिनी प्रकल्पांना दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला विरोध करणारा सोलापूरचा शत्रूच म्हणावा लागेल, रात्री-अपरात्री साप-विंचवात मोटार चालू करायला जाणाऱ्यांचा हा जिल्हा आहे. पण दिवसा विजेसाठी नेमका तोच माळ का, जिथे लांडग्याची बिळे आहेत? कारखान्यांची, गोदामांची, बाजार समित्यांची, सरकारी इमारतींची छपरे, कालव्यांचे काठ आधी का नाहीत? त्या छपरांचा हिशेब कोणी मांडला आहे काय? संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी करारापुढे भारतानेच २०१९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशाची सुमारे ५६ लाख हेक्टर गवताळ जमीन गेली. जंगल तुटले तर निदान ओरड होते. माळ जातो तेव्हा कुऱ्हाडीचा आवाजही होत नाही. एक जेसीबी येतो, दोन दिवसांत काम होते.

आणि मग उरतो लांडगा. देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते, म्हणजे वाघांहून कमी. नान्नजच्या अभयारण्यात लांडग्यांचा आणि त्यांनी मारलेल्या शेळ्या-मेंढ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. तो वाचला तर दिसते की या जनावराचे पोट मोठ्या प्रमाणात मेंढपाळाच्या कळपावर चालते आणि तरीही धनगर आणि लांडगा पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर नांदत आले. कळपातले एखादे कोकरू गेले तर ते नशिबात होते म्हणणारे म्हातारे धनगर आजही भेटतात. पण त्या सोसण्याला मर्यादा आहे. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, फोटो, बँकेचे खाते, तीन चकरा, आणि मेंढपाळ तर पावसाळ्यानंतर शंभर कोस दूर गेलेला. दुसरीकडे गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या आणि कत्तलीच्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री माळावर चढली आहेत. ती जमिनीवरची अंडी खातात, काळविटांच्या पाडसांना फाडतात, लांडग्यांना रोग देतात. पुण्याजवळ तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये हाती आला. माळ उरला, पण त्यावर फिरणारा लांडगा लांडगाच राहिला नाही, असाही दिवस येऊ शकतो.

धनगरांना माळावरून हाकलून माळ वाचत नाही, हेही एकदा सरकारने समजून घ्यावे. ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये चराई पूर्ण बंद झाल्यावर एका दांडग्या तणाने फुलांची जागा व्यापली आणि दरवर्षी ते उपटत बसण्याची वेळ आली. कासला तारेचे कुंपण घातले, गुरे थांबली, फुले रोडावल्याची तक्रार झाली आणि मग ते कुंपण काढावे लागले. नान्नजचा धडाही तोच आहे. सुरुवातीच्या संरक्षणाने गवत परतले खरे, पण कायमचे कुलूप लावलेल्या माळावर गवत माजते, वाळते, वणव्याची भीती वाढते आणि उघड्यावर फिरणारे पक्षी तिथून उठतात. गवताला दात हवे असतात. किती मेंढरे, कोणत्या महिन्यात, कोणता पट्टा मोकळा आणि कोणता बंद, हे ठरवायला परदेशी सल्लागार नकोत. शिवारात मेंढरे बसवून खत देणारा, गवताला कुसळ धरायच्या आत कळप हलवणारा माणूस ते जाणतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. या वर्षाचा सोलापुरात काही अर्थ असेल, तर तो नियोजन भवनातल्या कार्यशाळेत आणि चहा-बिस्किटांत संपू नये.

पुणे वनविभागाने इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली. लांडगा, खोकड, चिंकारा पाहायला शहरी माणूस पैसे मोजून येतो आणि स्थानिक पोरांना वाटाड्याचे काम मिळते. नान्नज, वडाळा, मार्डी, अकोलेकाटीच्या पोरांना हे का मिळू नये? आपल्याकडे पक्षी नाही तर सांगण्यासारखे काहीच नाही, या समजुतीतून वनखाते बाहेर आले तरच ते होईल. गर्दी वाढवून माळाचे कास करावे असे आम्ही म्हणत नाही. कासची वाहने आणि प्लास्टिक आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या माळातून गावाला चार पैसे मिळतात तो माळ विकायचा ठराव ग्रामसभा सहजी करत नाही.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. माळढोक असो वा नसो, अभयारण्यातला आणि त्याबाहेरचाही उरलासुरला माळ गवताळ प्रदेश म्हणून महसुली नोंदीत आला पाहिजे. आठ हजार चौरस किलोमीटरचा जुना बोजा पुन्हा कुणाच्या सातबारावर न चढवता, सरकारी आणि गायरान जमिनींपासून ही नोंद सुरू करता येते. त्या माळांवर सौर प्रकल्प मंजूर करण्याआधी तिथे काय राहते, काय वीण करते, याची पाहणी पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही हंगाम पाहून व्हावी, उन्हाळ्यात गाडीतून नजर टाकून नव्हे. नान्नजचे गिरिपुष्प काढायला घ्यावे. मेंढपाळाची भरपाई तो माळ सोडण्याआधी त्याच्या हातात पडावी. गावोगावच्या मांसकचऱ्याची विल्हेवाट आणि कुत्र्यांची नसबंदी हे जिल्हा परिषदेचे काम आहे, ते तिने वन्यजीव विभागावर ढकलू नये.

आणि एक काम तर याच वर्षी, पावसाच्या आत करण्याजोगे. पावसाळी वृक्षलागवडीचे तालुकावार उद्दिष्ट ठरते, ग्रामपंचायतींना आकडे वाटले जातात आणि जूनमध्ये माळावर खड्डे खणायला माणसे लागतात. या वर्षी ते आकडे वाटण्यापूर्वी जिल्हाधिकारी आणि वनखाते यांनी मिळून उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतल्या ज्या गट क्रमांकांवर एकही झाड लावायचे नाही त्यांची यादी करावी, ती गावच्या चावडीवर लावावी आणि पालकमंत्र्यांनी तिच्यावर जिल्हा नियोजन समितीत सही करावी.